सातासमुद्रापलीकडचा ऑर्गन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी पेटीवर रंगते, तर दशावतारातला राजा पायपेटीच्या सुरावर रंगमंचावर येतो. आणि ज्यांनी नाट्यसंगीत कान देऊन ऐकलं आहे, त्यांच्या मनात आणखी एका वाद्याने घर केलेलं असतं: पायाने भाता मारायचा ऑर्गन. बालगंधर्वांच्या काळात हा ऑर्गन संगीत रंगभूमीचा आधार होता. आज परदेशी विक्रेत्यांकडे असे जुने ऑर्गन विक्रीला दिसतात, किंमतही आवाक्यातली वाटते आणि मालवण-वेंगुर्ल्यातल्या हौशी माणसाचा जीव त्यात अडकतो. हौस जरूर पुरवावी, पण पैसे पाठवण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: ऑर्गन म्हणजे मोठी हार्मोनियमच.

वस्तुस्थिती: आवाज दोन्हींत पितळी सुरांचाच, म्हणजे रीडचाच, पण हवेची दिशा उलटी. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आलेल्या हार्मोनियममध्ये भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो. आपली हातपेटी त्याच घराण्यातली. अमेरिकी ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मऊ लागतो. सूर बसवण्याची रीतही निराळी. ऑर्गनचा प्रत्येक सूर आपल्या खाचेत सरकवलेला असतो आणि बारीक आकड्याने एकेकटा बाहेर ओढता येतो. पुष्कळदा मुका वाटणारा सूर बिघडलेला नसतोच. त्याच्या पितळी पातीखाली धुळीचा कण अडकलेला असतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाने त्यावर कानस चालवली, तर चांगला सूर कायमचा जातो.

गैरसमज: जुनी वस्तू, तीही घरच्या वापराची, आणायला कोण अडवणार?

वस्तुस्थिती: सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. भारताच्या विदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे. तिला परवाना लागतो. ‘भेट म्हणून पाठवतो’ ही विक्रेत्याची तोडही चालत नाही. भेटवस्तूंना मिळणारी जुनी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये संपली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. परदेशातलं बिऱ्हाड आवरून कायमचं परतणाऱ्या कुटुंबाच्या घरसामानाला मात्र वेगळे नियम आहेत. आपलं प्रकरण नेमकं कशात बसतं, हे सीमाशुल्क दलालाला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि मगच पैसे पाठवा.

गैरसमज: वाद्याची किंमत अधिक जहाजभाडं, एवढाच खर्च.

वस्तुस्थिती: सीमाशुल्क नुसत्या वाद्याच्या किमतीवर बसत नाही. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर ते आकारलं जातं आणि त्यावर पुन्हा जीएसटी लागतो. म्हणजे वाद्य स्वस्त आणि भाडं जबर असेल, तर त्या भाड्यावरही कर भरावा लागतो. मग बंदरातली हाताळणी, दलालाची फी, माल अडकला तर गोदामाचं भाडं आणि न्हावाशेव्यापासून मालवणपर्यंतचा ट्रक. लाकडी खोक्यावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल, तर माल बंदरातच अडतो. हा सगळा हिशेब मांडला की ‘स्वस्त’ ऑर्गनची किंमत कितीतरी पटींनी वाढलेली दिसते.

गैरसमज: जुनं वाद्य म्हणजे सुरेलच, थोडंफार इथे जुळवून घेऊ.

वस्तुस्थिती: आज बहुतेक ठिकाणी वाद्यं ४४० हर्ट्झच्या स्वराला धरून लावतात. पण फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ हा स्वर कायद्याने ठरवला होता आणि अमेरिकेतल्या पियानो कारखानदारांनी तोच १८९१ मध्ये स्वीकारला. इंग्लंडात त्या काळी ४५२च्या आसपासही वाद्यं लागत. ४३५ आणि ४४० यांत अर्ध्या स्वराचा सुमारे पाचवा भाग एवढा फरक पडतो. एकट्याने गाताना तो जाणवणार नाही. शेजारी दुसरी पेटी वाजली की लगेच खटकेल. सूर चढवायचा तर पातीचं टोक घासावं लागतं आणि उतरवायचा तर बुडाकडची बाजू. ६१ पट्ट्यांच्या, सुरांच्या दोन ओळींच्या ऑर्गनमध्ये हे सव्वाशेच्या घरातल्या सुरांवर करायचं असतं. म्हणून विक्रेत्याला ऑर्गनचा स्वर मोजूनच सांगायला लावा.

गैरसमज: शंभर वर्षं टिकलाय, आपल्याकडे काय होणार?

वस्तुस्थिती: तो कोरड्या, थंड घरात टिकला. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीकच्च असते आणि किनाऱ्यावर तिच्यात खारही असतो. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सरस सुटतो, पितळेवर हिरवा गंज चढतो, भात्याचं कापड आणि चामडं बुरशी धरतं. व्हिडिओवर वाद्य पाहताना भाता पूर्ण मारून पाय सोडायला सांगा आणि हवा किती वेळ टिकते ते पाहा. एकेक खटका ओढून प्रत्येक पट्टी वाजवून घ्या. लाकडावर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि खाली ताजी पूड दिसली, तर कीड जिवंत आहे. असं वाद्य घेऊच नका. आणि भात्याला मोटार बसवलेली असेल, तर ती ११० व्होल्टची नाही ना, हेही विचारा.

गैरसमज: हस्तिदंती पट्ट्या असतील तर सोन्याहून पिवळं.

वस्तुस्थिती: १९९१च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याने आयात केलेल्या हस्तिदंताच्याही व्यापारावर बंदी आणली. पांढऱ्या पट्टीवर बारीक रेषा आणि आडवा जोड दिसला, तर ती हस्तिदंती असण्याची शक्यता धरून चाला आणि व्यवहार तिथेच थांबवा.

गैरसमज: परदेशी सुरांची सर देशी सुरांना नाही.

वस्तुस्थिती: पॅरिसच्या कासरियल आणि जर्मनीच्या ज्युबिलेट सुरांचा लौकिक खराच. पण गुजरातेतल्या पालिताण्यात पिढ्यान्‌पिढ्या सूर घडवले जातात आणि देशातल्या असंख्य पेट्या त्यांवर वाजतात. पेटीचं सुरेलपण नुसत्या शिक्क्यावर ठरत नाही. सूर कसा घडवला, कसा बसवला, कोणी जुळवला, यावर ते ठरतं.

म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं: ऑर्गन शोधण्याआधी कारागीर शोधा. कुडाळ, सावंतवाडी, बेळगाव, गोवा, जिथे हाताशी असेल तिथे पेटी उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाला विक्रेत्याने पाठवलेली छायाचित्रं आणि आवाज दाखवा. तो ‘हे माझ्याच्याने होईल’ म्हणाला, तरच पुढे जा. दर पावसाळ्यानंतर ज्याची देखभाल होते, तेच वाद्य या किनाऱ्यावर वाजतं राहतं.