काडतुसाची दारू : तिची पारख व निवड

ऐतिहासिक कागदपत्रांत ‘दारू’ हा शब्द वारंवार येतो. मूळ फारसींत त्याचा अर्थ औषध. आमच्या दफ्तरांत तो तोफाबंदुकांच्या बाराशीं निगडित झाला. वाचणारा बहुधा दारू म्हणजे एकच जिन्नस समजतो, आणि एका बारास अमुक वजन लागलें एवढ्यावरून तिच्या कसाचें अनुमान बांधतो. हें अनुमान कसें फसतें, व तीच समजूत हातानें काडतूस भरणारास कशी घातक होते, हें येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुनी काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची. घटक तेच असले तरी तिच्या जळण्याचा वेग मुख्यतः दाण्यावर अवलंबून असतो. दाणा जितका बारीक, तितका एकंदर पृष्ठभाग अधिक व ज्वलन जलद. म्हणून कानांत घालावयाची रंजक अगदीं बारीक, बंदुकीची दारू मध्यम व तोफेची जाड असे. तोफेंत बारीक दारू घातली, तर जड गोळा पुरता हलण्यापूर्वींच दाब शिगेस पोहोंचून तोफ फुटण्याचें भय. बंदुकींत जाड घातली, तर ती पुरती जळण्याआधींच गोळी नळीबाहेर. सरदीनेंही दारू निकामी होते. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची, सरदी लागूं न देण्याची व आठ-पंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून ऊन देण्याची ताकीद दिली आहे, ती याच अनुभवाची साक्ष होय.

आतां रायफलीकडे वळूं. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचें काडतूस म्हणजे कागदाची एक पुडी. तींत गोळी व मोजलेली दारू असे. त्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ सालीं काय घडलें हें सर्वश्रुत आहे. आंतील दारूकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. ती सुमारें ६८ ग्रेन, म्हणजे आपल्या मापानें सुमारें साडेचार मासे असे. (ग्रेन हें वजन आहे, दारूचा दाणा नव्हे, १८० ग्रेनांचा एक तोळा.) काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो, कांहीं धुरांत जातो व कांहीं नळीच्या आट्यांत कीट होऊन बसतो.

हा दोष १८८४ सालीं फ्रान्सांत व्हिएय यांनीं केलेल्या निर्धूम दारूनें दूर झाला. पुढें १८८९ सालीं इंग्लंडांत एबल व ड्यूअर यांनीं कॉर्डाइट सिद्ध केलें. याच वेळचें उदाहरण बोधप्रद आहे. १८८८ सालीं स्वीकारलेल्या लीमेटफर्ड रायफलीच्या ०·३०३ इंची काडतुसांत प्रथम दाबून घट्ट केलेली सुमारें ७० ग्रेन काळी दारू असे. थोड्याच वर्षांनीं तिच्या जागीं कॉर्डाइट आलें, तें अवघें सुमारें ३१ ग्रेन. म्हणजे वजन निम्म्याहूनही कमी, आणि तरी गोळीचा वेग पूर्वीपेक्षां अधिक. शिवाय कॉर्डाइटच्या उष्णतेनें मेटफर्डच्या उथळ आटे झिजूं लागले, म्हणून १८९५ सालीं निराळ्या आट्यांची लीएनफील्ड आली. दारू बदलली तेव्हां बंदूकही बदलावी लागली.

निवडीचें सूत्र यांतूनच निघतें. नळीचें छिद्र लहान, काडतुसाची कोठी मोठी व गोळी जड असेल, तर सावकाश जळणारी दारू हवी. छिद्राच्या मानानें कोठी लहान व गोळी हलकी असेल, तर जलद जळणारी. निर्धूम दारूचा वेग केवळ दाण्याच्या आकारानें नव्हे, तर त्याच्या घडणीनें व त्यावरील लेपानेंही ठरतो. म्हणून डोळ्यांनीं पाहून तिची जात ओळखतां येत नाहीं. तिच्या कर्त्यानें त्या त्या गोळीसाठीं प्रयोगानें ठरविलेलें कोष्टकच प्रमाण मानावें, त्यांतील सर्वांत कमी वजनापासून आरंभ करावा, आणि प्रत्येक बार तराजूवर तोलावा. काळ्या दारूच्या मापानें निर्धूम दारू भरणें म्हणजे नळी फोडून घेणें होय. लेबल नसलेली दारू कितीही चांगली दिसली तरी वापरूं नये.

संग्राहकांस दोन सूचना. कागदांत दारूचें वजन आढळल्यास हत्याराचा प्रकार, गोळीचें वजन व रंजक वेगळी धरली आहे कीं नाहीं, हें टिपल्यावांचून मराठ्यांची दारू हलकी किंवा भारी होती असा निर्णय देऊं नये. दुसरें, जुन्या शिंगांत किंवा काडतुसांत उरलेली दारू कालानें निरुपद्रवी होते हा भ्रम सोडावा. कोरडी राहिलेली काळी दारू दीर्घकाळानंतरही पेट घेते, आणि निर्धूम दारू कुजूं लागली म्हणजे आपोआपही पेटूं शकते. आंबूस उग्र वास किंवा तांबूस वाफ ही त्याची खूण. अशी वस्तु स्वतः उघडूं नये; परवानाधारक जाणत्याकडून ती निर्धोक करवावी. वस्तु जपावी खरी, परंतु वस्तु जपणाराही जपला पाहिजे.