बत्तीस दिवसांचा ताप

सहा-सात महिन्यांच्या बाळाला कणकण आली की आपल्याकडे घरातली मोठी बाई हमखास सांगते, "दात येतायत गं, काही नाही." महिन्याभराने पुन्हा ताप आला तरी दातच. जुन्या चिनी घरांत 'ताप पुन्हा पुन्हा का येतो' या प्रश्नाला याहून मोठं उत्तर होतं, आणि तेही दिवस मोजून दिलेलं.

इ. स. 610 मध्ये, स्वी राजवटीत, छाओ युआनफांग या राजवैद्याच्या देखरेखीखाली रोगांच्या कारणांवरचा एक जाडजूड ग्रंथ तयार झाला. त्यात, आणि त्याच शतकातल्या सुन सिमियाओच्या ग्रंथातही, तान्ह्या मुलांच्या अशा तापाला नाव आहे 'बिएन-चंग'. बिएन म्हणजे पालटणं आणि चंग म्हणजे वाफवणं, आपण मोदक उकडतो तसं. मूल दर 32 दिवसांनी पालटतं. दर दुसऱ्या पालटाला वाफ धरते. 320 दिवसांत असे दहा पालट, पुढे तीन मोठ्या वाफा, आणि 576 व्या दिवशी प्रकरण संपतं. आतले अवयव पक्के होताना अंग तापायचंच, असा त्यामागचा विचार.

हा हिशेब आज हास्यास्पद वाटतो. पण त्याच्या शेजारी लिहिलेली खूण वाचली की हसू थांबतं. अंग गरम, मात्र कान आणि ढुंगण गार, वरच्या ओठावर बारीक पांढरी पुळी: हा पालटाचा ताप. त्याला सुया टोचू नका, दवण्याच्या जातीच्या वाळक्या पाल्याचे चटके देऊ नका, बाळाला दचकवू नका, भोवती माणसांचा घोळका नको. कान आणि ढुंगणही तापलं असेल तर हा दुसराच आजार. त्याचे उपचार वेगळे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एखादा वैद्य 'हात लावू नका' असं लिहून ठेवतो, याचं मला खरं कौतुक वाटतं.

या परंपरेतला सगळ्यात मोठा बालवैद्य अकराव्या शतकातला, सुंग काळातला छ्यान यी. राजपुत्राला झटके येऊ लागले तेव्हा त्याने चुलीच्या तळाची भाजकी माती घातलेला काढा दिला आणि मूल बरं झालं, असं इतिहासात नोंदलंय. त्याची खरी करामत मात्र काढून टाकण्यात होती. मोठ्यांसाठीच्या आठ औषधींच्या एका जुन्या गोळीतून त्याने दालचिनीच्या जातीची साल आणि बचनाग ही दोन उष्ण द्रव्यं वगळली, कारण मुलाचं शरीर मुळातच उष्ण. उरलेल्या सहांची गोळी चीनमध्ये अजून विकली जाते.

औषध पाजायचं नसेल तर तुइना. बाळांच्या मालिशीची ही पद्धत मिंग काळात, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर ग्रंथांत आली. आई दोन बोटं गार पाण्यात बुडवते आणि बाळाच्या हाताच्या आतल्या बाजूने, मनगटाच्या वळीपासून कोपराच्या खळग्यापर्यंत, सरळ रेषेत अलगद सरकवत नेते. शंभर वेळा, दोनशे वेळा. या रेषेचं नाव 'आकाशगंगेचं पाणी'. ताप उतरतो का, ते सोडा. मूल आईच्या मांडीवर शांत पडून राहतं आणि त्याला त्यातून इजा होत नाही.

सगळेच उपाय इतके निरुपद्रवी नव्हते. दचकण्यावरच्या जुन्या गोळ्यांत हिंगूळ असे, म्हणजे पाऱ्याचं खनिज. ह्वांगल्येन नावाची कडू मुळी नवजात बाळांना सर्रास चाटवत. रक्तात जी-सिक्स-पी-डी विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या काविळीशी तिचा संबंध जोडला गेला आणि सिंगापूरने 1978 मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती पुढे बऱ्याच वर्षांनी उठली. घाम काढण्यासाठी तापलेल्या बाळाला दुलईत गुंडाळण्याची सवय तर याहून घातक. कोंडलेल्या उष्णतेने बाळं दगावतात, म्हणून चिनी डॉक्टर आजही आयांना बजावतात.

आणि ते 32 दिवस? ते चिनी वैद्यांनीच मोडीत काढले. मिंग काळातल्या चांग चिंगयुएने विचारलं, नीट सांभाळलेली कितीतरी मुलं एकदाही न तापता वाढतात, त्यांचं काय? 1750 मध्ये छेन फुचंगने लिहिलं की चाळीसहून अधिक वर्षांच्या वैद्यकीत तारखेबरहुकूम तापलेलं एकही मूल त्याने पाहिलं नाही.

गंमत अशी की 1987 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लहान मुलांमधला एक ताप नोंदवला, जो तीन ते सहा आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखा येतो. सोबत तोंडात फोड, घसादुखी, मानेला गाठी. तो बहुधा तान्ह्यांना होत नाही आणि बिएन-चंगशी त्याचं नातं जोडण्याचा मोह मी टाळतो. पण तो ओळखायला डॉक्टरला लागतात त्या तारखाच. वारंवार येणाऱ्या तापामागे लघवीतला संसर्ग किंवा मलेरियाही लपलेला असू शकतो.

तेव्हा ताप कधी आला, किती होता, किती दिवस टिकला, हे वहीत लिहून ठेवा. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, थर्मामीटर 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त दाखवत असेल, तर कान गार आहेत का हे बघत बसू नका. रात्र असली तरी त्याच रात्री दवाखाना गाठा.