कोंबडी ओळखा, मग पातेलं निवडा

चुलीपासून ताटापर्यंत : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण वाटण पाहिलं. आता त्या वाटणात शिजणाऱ्या कोंबडीकडे वळू. चिकन चिवट झालं किंवा त्याचे धागे झाले, की दोष मसाल्याला नाहीतर गॅसला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा पातेल्यात कोंबडी एक असते आणि कृती दुसऱ्याच कोंबडीची असते.

दुकानातली ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची, दोन किलोंच्या आसपासची असते. उकिरडा उकरत, अंगणभर हिंडत वाढलेली गावठी कोंबडी मात्र कापली जाते तेव्हा कित्येक महिन्यांची असते, कधी वर्षापुढचीही. मांसाचे तंतू बांधून ठेवणारं कोलॅजेन वयाबरोबर घट्ट होत जातं. पाण्यात, मंद आचेवर पुरेसा वेळ मिळाला की त्याचंच जिलेटिन होतं आणि रश्श्याला बोटांना चिकटेल असा दाटपणा येतो. म्हणून गावठीला उघड्या पातेल्यात तास-दीड तास द्यावाच लागतो. ब्रॉयलरच्या मांसात हे बंध कोवळे असतात. ती वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, पुढे नुसती कोरडी पडते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या घरात जातं. घाईच्या दिवशी गावठीसाठी कुकर खुशाल लावावा, ब्रॉयलरला त्याची गरजच नाही.

कोल्हापूर-साताऱ्याकडची आळणीची पद्धत दोन्हींना चालते आणि मला ती सर्वांत शहाणी वाटते. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवायचं. किलोला दोन चमचे मीठ पुरे. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं, म्हणून हा अर्धा तास चुकवू नये. मग थोड्या तेलात कांदा परतून त्यावर तुकडे घालायचे, त्यांना सुटलेलं पाणी जरा आटू द्यायचं आणि वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. ताट गार राहतं, वाफ त्याला लागून पुन्हा खाली ठिबकते. ताटातलं पाणी तापलं की तेच पातेल्यात घालायचं, म्हणजे उकळी मोडत नाही.

या एका पातेल्यातून तीन पदार्थ निघतात. वरचं पाणी वाटीत घेतलं की लहान मुलांची आणि आजाऱ्यांची आळणी. तुकडे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतले की सुकं. उरलेल्या पाण्यात वाटण आणि कांदा-लसूण मसाला पडला की तांबडा रस्सा. मसाला आधी तेलातच परतावा, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो. तर्री येते ती तिथूनच. पांढरा रस्सा करणार असाल तर नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फुटतो.

छातीचे तुकडे दहा मिनिटं उशिरा टाका. पायांचं मांस चालून-चालून गडद आणि चिवट झालेलं असतं, ते जास्त शिजणं सोसतं. छातीचं सोसत नाही. कच्च्या पपईची ओढ मात्र आवरा. ती फक्त वरचा थर सैल करते, आणि जास्त वेळ राहिली तर तो थर पिठूळ होतो.

कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. त्यावरचे साल्मोनेलासारखे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि कोशिंबिरीवर जातात. आतपर्यंत ७४ अंश तापलं की ते मरतात, आणि हाडापाशी लाल पाणी दिसत असेल तर अजून पाच मिनिटं ठेवलेलं बरं.

शेवटी एकच सांगणं. दुकानदाराकडून बोनलेस घेऊन आळणी करायला जाऊ नका. मान, पाठ आणि पंखांची टोकं मागून घ्या. रश्श्याची चव त्यातच आहे.

पुढच्या भागात : सुक्या मासळीची साठवण.