रबर जळाल्याचा वास

फेब्रुवारी १९३७. लॉस एंजेलिस येथे अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविन पियानो वाजवीत होते. रचना त्यांचीच, बोटांत मुरलेली. तरीही मध्येच क्षणभर ते स्वर विसरले. त्याच वेळी त्यांना रबर जळाल्याचा वास आला. आसपास काहीही जळत नव्हते!

पुढे डोकेदुखी आणि चक्कर सुरू झाली. जूनमध्ये त्यांना रुग्णालयात ठेवले, पण तपासणीत ठळक असे काही सापडले नाही. पाठीच्या कण्यातील द्रव सुईने काढून तपासावा, ही सूचना त्यांनी नाकारली. हा हिस्टेरिया, म्हणजे मनाचा विकार असावा, असा शेरा घेऊन ते घरी परतले.

नसलेला वास येतो कसा? वासाची जाणीव नाकात नव्हे, मेंदूत होते. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, त्याच्या आतल्या कडेला वास ओळखणाऱ्या पेशी आहेत. तेथे गाठ वाढू लागली की या पेशींत अवेळी विद्युत्‌स्पंदने उसळतात. ही एक प्रकारची फेफरेच होय. मात्र हातपाय झटकत नाहीत, फक्त वास येतो. (अशी फेफरे इतर कारणांनीही येतात, प्रत्येक वेळी गाठच असते असे नाही.) हीच गाठ कपाळामागे असती, तर कदाचित स्वभाव पालटला असता. लक्षण ठरते ते बहुतांशी जागेवरून. म्हणूनच वैद्य चकतात.

कवटी बंद पेटीसारखी असते. गाठ वाढली की आतला दाब वाढतो आणि डोळ्याच्या मागील पडद्यावर, दृष्टिचेता जेथे सुरू होते तेथे, सूज दिसते. जूनमध्ये ती नव्हती. ९ जुलैला गर्शविन बेशुद्ध झाले, तेव्हा ती स्पष्ट दिसली. विख्यात शल्यविशारद वॉल्टर डँडी त्या वेळी चेसापीक उपसागरात नौकेवर होते. त्यांना शोधून काढले, पण पोहोचण्याइतका वेळच उरला नव्हता. इतर शल्यविशारदांनी उजव्या बाजूची गाठ काढली. ११ जुलैला गर्शविन वारले. वय अवघे ३८. निदान झाले ग्लायोब्लास्टोमाचे.

कवटी न उघडता मेंदूचे आडवे छेद दाखवणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णासाठी प्रथम वापरले गेले, ते १९७१ साली लंडनमध्ये. आज एमआरआयने अशी गाठ तासाभरात दिसते. परंतु ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी हरळीच्या मुळांसारख्या भोवतालच्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. चित्रात गाठीची कड जेथे संपते, त्याच्या पलीकडेही त्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे देऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण आजही दोन वर्षे गाठत नाहीत.