ऑर्किडांचे पुनर्रोपण : वायवी मुळांच्या मोठ्या जाती

वायवी (हवेत लोंबणारी) मुळे विपुल असलेले मोठे ऑर्किड जुन्या कुंडीतून काढून नव्या कुंडीत वा लाकडी टोपलीत, नव्या माध्यमासह बसविण्याची क्रिया. माध्यम म्हणजे येथे माती नव्हे, तर विटांचे तुकडे, लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल यांसारखे भरड पदार्थ. व्हँडा, एरिडीस, ऱ्हिंकोस्टायलिस, रेनँथेरा इ. वंशांतील ऑर्किडांच्या बाबतीत ही क्रिया विशेष नाजूक ठरते. वीसपंचवीस वर्षे वाढविलेले रोप एका चुकीच्या पुनर्रोपणाने काही महिन्यांत जाऊ शकते, आणि ती चूक बहुधा एकच असते : लोंबती मुळे गोळा करून ती नव्या कुंडीत पुरणे.

या वनस्पती निसर्गतः अपिवनस्पती (अन्य वनस्पतींच्या केवळ आधाराने वाढणाऱ्या) आहेत. त्या आश्रयवृक्षातून अन्न घेत नाहीत. बांडगूळ आणि ऑर्किड यांची गल्लत मात्र जुनी आहे. व्हँडा हे वंशनाम झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या ‘वंदा’ या संस्कृत शब्दावरून आले असून विल्यम जोन्स यांच्या १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ते आढळते. महाराष्ट्रात आंब्याच्या व इतर जुन्या झाडांवर दिसणारी व्हँडा टेसेलाटा आणि फुलांच्या लांब घोसामुळे ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखली जाणारी ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा या जाती याच गटातील होत.

मुळांची रचना : व्हँडाचे मूळ शिसपेन्सिलीएवढे जाड आणि कित्येकदा एक मीटरहून लांब असते. त्यावर मृत, पोकळ कोशिकांच्या अनेक थरांची स्पंजासारखी त्वचा असते. पावसाचे पाणी पडताच ही त्वचा ते काही सेकंदांत ते मिनिटांत शोषून घेते आणि नंतर कित्येक तास धरून ठेवते. कोरडी असताना तिच्या पोकळ्यांत हवा असल्यामुळे मूळ रुपेरी पांढरे दिसते. भिजल्यावर ती पारदर्शक होऊन आतील हरितद्रव्य दिसू लागते व मूळ हिरवे होते. हे हरितद्रव्य प्रकाशसंश्लेषणही करते. टीनिओफायलम वंशातील पर्णहीन जातींत तर अन्ननिर्मितीचे जवळजवळ सर्व काम मुळेच करतात.

अशा मुळाची जीवनपद्धती ओले होणे आणि लवकर सुकणे या आवर्तनावर बेतलेली असते. शोषक त्वचा सतत पाण्याने भरलेली राहिली, तर आतील जिवंत कोशिकांना ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि मूळ कुजते. हवेत वाढून पक्व झालेले मूळ ओलसर माध्यमात दाबले असता हेच घडते. याउलट, मुळाचे वाढते टोक आपणहून माध्यमात शिरले, तर पुढील भाग त्या परिस्थितीशी जुळवून घेऊन वाढतो. म्हणून मुळांना कुंडीत घालू नये. कुंडीत जायचे की नाही हे नव्या मुळांवर सोपवावे.

हे ज्ञान महागात पडून मिळालेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये उष्ण कटिबंधीय ऑर्किडे मोठ्या संख्येने नेण्यात आली. ती बंद, कोंदट, अतितप्त काचगृहांत ठेवली जात आणि बहुतेक मरत. इंग्लंड हे या वनस्पतींचे थडगे झाले होते, अशा अर्थाचे उद्गार वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी काढले आहेत. जोसेफ बँक्स यांनी मात्र रोपे वेताच्या हलक्या टोपल्यांत शेवाळासह ठेवून मुळांना बाहेर पडण्यास वाव दिला होता. पुढे चॅट्सवर्थ येथील उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३० नंतरच्या दशकात काचगृहात हवा खेळती ठेवण्यावर भर दिला. त्यांच्याकडील जॉन गिब्सन यांनी खासी टेकड्यांतून आणलेली ऑर्किडे १८३७ मध्ये तेथे पोहोचली. स्वतः हूकर यांनी १८५० मध्ये खासी प्रदेशातून निळ्या व्हँडाची (व्हँडा सीरुलिया) सात माणसांची ओझी क्यू उद्यानासाठी पाठविली. त्यांपैकी थोडीच रोपे जिवंत पोहोचली. या जातीला पुढे भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले.

पुनर्रोपणाची वेळ : मुळे कुंडीबाहेर आली एवढ्यावरून पुनर्रोपण आवश्यक ठरत नाही, ते या ऑर्किडांचे स्वाभाविक लक्षण आहे. सोडणाचे तुकडे वा साल कुजून त्यांचा भुगा होणे, कोळशावर व कुंडीवर क्षारांचे पांढरे पुट चढणे, टोपली मोडकळीस येणे किंवा खालची पाने गळून खोड उंच व उघडे पडणे ही खरी कारणे होत. फुलोरा संपलेला असावा आणि खोडावर हिरव्या वा जांभळट टोकांची नवी मुळे नुकतीच फुटू लागलेली असावीत. महाराष्ट्राच्या हवामानात हा योग सामान्यतः वसंतापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत येतो. मुळांची टोके पांढऱ्या त्वचेने झाकलेली, म्हणजे वाढ थांबलेली असताना हे काम केल्यास रोप महिनोन्‌महिने तसेच निस्तेज राहते.

पद्धती : कोरडी मुळे ताठ व ठिसूळ असतात. म्हणून रोप कुंडीसह पंधरा ते तीस मिनिटे पाण्यात ठेवतात; मुळे हिरवी झाली की ती काहीशी लवचिक होतात. मातीच्या कुंडीला चिकटलेली मुळे ओढून सोडवू नयेत. ओढताना शोषक त्वचा सोलून निघते व मूळ निकामी होते. त्यापेक्षा कुंडीच हलक्या हाताने फोडावी आणि मुळाला चिकटलेली खापरी त्यासह नव्या कुंडीत जाऊ द्यावी. लाकडी टोपली शाबूत असल्यास रोप बाहेर न काढता ती तशीच मोठ्या टोपलीत बसवितात. दिसायला ही कामचुकार रीत असली, तरी जुन्या रोपांसाठी तिच्याइतकी निर्धोक दुसरी रीत नाही.

मुळे बोटांनी चाचपून पाहावीत. घट्ट मूळ जिवंत समजावे, मग ते कितीही मळकट दिसो. दाबल्यावर पिचणारे, पोकळ झालेले किंवा त्वचा निसटून आत नुसता दोरा उरलेले मूळ मृत असते. ते कापून टाकतात. जिवंत मूळ केवळ लांब आहे म्हणून छाटू नये. त्याचे टोक मोडले तर लांबी वाढणे थांबते, पण मागील भागातून बहुधा उपमूळ फुटते. कापण्याचे हत्यार प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर तापवून घेणे आवश्यक आहे, कारण सिंबिडियम मोझाइक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू रसाने माखलेल्या हत्यारातून पसरतात आणि त्यांवर उपाय नाही.

नवी कुंडी मुळांच्या पसाऱ्याच्या मापाने निवडण्याचा मोह होतो. मोठ्या कुंडीचा मध्यभाग दीर्घकाळ ओला राहतो, म्हणून ती खोडाचा बुंधा व माध्यमातील जुनी मुळे मावण्यापुरतीच असावी. वायवी मुळे बाहेरच राहू द्यावीत. विटांचे व कोळशाचे मोठे तुकडे सैल भरावेत. पसरट टोपलीत तर माध्यम मुळीच नसले तरी चालते, मात्र मग मुळांवर रोज पाणी फवारावे लागते. रोप काठीला किंवा तारेला पक्के बांधणे महत्त्वाचे असते. हलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची कोवळी टोके माध्यमावर घासून मरतात. पहिले दहापंधरा दिवस सावलीत ठेवून पाणी मुख्यतः बाहेरील मुळांवर द्यावे, म्हणजे माध्यमातील जखमा सुकतात. पाने किंचित मलूल दिसली म्हणून पाणी वाढवू नये. खत नवी मुळे वाढू लागल्यावरच देतात.

कॅटलिया, सिंबिडियम यांसारख्या आडव्या वाढणाऱ्या ऑर्किडांचे तीनचार आभासी कंदांचे तुकडे करता येतात. याच रीतीने वाढणारे इंडोनेशिया-मलेशियाकडील ग्रॅमॅटोफायलम स्पेसिओसम हे शेकडो किग्रॅ. वजनाचे ऑर्किड मात्र अपवाद मानावे. त्याची बरीचशी मुळे खाली न लोंबता काट्यांसारखी वर उभी राहतात व त्यांच्या जाळीत पालापाचोळा साठून खत मिळते. ही मुळे पुरू वा छाटू नयेत.

सरळ वाढून उंच व उघड्या झालेल्या व्हँडाचा शेंडा किमान तीनचार निरोगी मुळांसह कापून वेगळा लावतात. मुळे फुटण्यापूर्वी कापलेला शेंडा सहसा जगत नाही. उरलेले पर्णहीन खोड फेकून देऊ नये. जिवंत मुळे असल्यास काही महिन्यांत त्याच्या पेरांतून फुटवे येतात आणि त्या फुटव्यांना स्वतःची मुळे आली की तेही अलग करता येतात.