नवे नियतकालिक पारखताना

आपल्या वस्त्यांतून पहिल्या पिढीची मुले आज संशोधन करीत आहेत. घरात विचारायला कोणी नाही, मार्गदर्शकाला वेळ नाही. अशा वेळी निरोप येतो : "शुल्क भरा, चार दिवसांत शोधनिबंध छापून मिळेल." शिष्यवृत्तीचे पैसे जातात, आणि पुढे निवड समितीसमोर तोच निबंध मुलाच्या अंगावर येतो. म्हणून नव्या नियतकालिकाची पारख कशी करावी, हे मांडणे मला आवश्यक वाटते.

'जुने ते खरे, नवे ते खोटे' हे प्रस्थापितांच्या सोयीचे उत्तर मी नाकारतो. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे आपले भाषण स्वखर्चाने छापले. त्यावर कोणाच्या मान्यतेचा खोटा शिक्का मारला नाही. तेव्हा स्वतः छापणे हा गुन्हा नव्हे. न तपासता 'तज्ज्ञांनी तपासले' असे सांगणे हा गुन्हा आहे.

तपासणी म्हणजे त्या विषयाचे जाणकार लेख वाचतात, उणिवा दाखवतात, लेखक दुरुस्ती करतो. खुद्द बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही लंडनच्या परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता; तो मान्य झाला १९२३ मध्ये. या कामाला महिने लागतात. चार दिवसांत होते ती केवळ छपाई.

शिक्क्यांनी भुलू नये. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख सांगतो, गुणवत्ता नव्हे. 'इम्पॅक्ट फॅक्टर'च्या नावाखाली मनचे आकडे विकणारेही आहेत. याद्यांचेही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली; २०१९ मध्ये 'केअर' यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. म्हणजे पारखण्याची जबाबदारी पुन्हा आपल्यावरच आली.

मोठ्या नावावरही विसंबू नये. २०१३ मध्ये 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांत नामांकित प्रकाशनसंस्थांची नियतकालिकेही होती.

मग पाहायचे काय? मागचे दोन अंक मिळवून आपल्या विषयाचे लेख वाचावेत. वाचवत नसतील तर तिथेच थांबावे. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहून, 'आपण खरोखर या मंडळावर आहात का?' असे विचारावे. पुष्कळदा नाव परस्पर छापलेले असते. शुल्क किती, हे लेख पाठवण्यापूर्वीच सांगितले आहे का? संपादकाचा खरा पत्ता आहे का? एकाच अंकात शेतीपासून संगणकापर्यंत सारे काही आहे का? आणि ज्यांचे लेख तिथे आले त्यांना विचारावे : कोणी एक तरी दुरुस्ती सुचवली होती का?

हे सारे एकट्या विद्यार्थ्यावर सोडणे अन्यायाचे आहे. आपल्यातील जे प्राध्यापक झाले आहेत, त्यांनी निदान आपल्या विद्यार्थ्याचा निबंध बाहेर पडण्यापूर्वी वाचावा, तो कुठे जातो आहे हे पाहावे. शतकानुशतके ज्यांना लिहू दिले नाही, त्यांचे लेखन रद्दीत जाऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.