इफ्तारनंतरची भांडी आणि वेलावरची घासणी

रमजानच्या महिन्यात बोलले जाते ते दस्तरखानावरच्या पदार्थांबद्दल. मोरीत पडलेल्या भांड्यांची आठवण कोणाला येत नाही. रोजा असलेल्या घरात भांडी एरवीपेक्षा जास्त निघतात आणि तीही अवेळी. इफ्तारला भज्यांची कढई, शरबताचे ग्लास, फळांच्या थाळ्या. तरावीहची, म्हणजे रात्रीची लांब नमाज झाली की जेवणाची ताटे. पहाटे पुन्हा सहेरीची पातेली. रात्री अकराला भांडी आटोपून स्पंजची घासणी सिंकच्या काठावर ठेवली जाते आणि पहाटे चारला तशीच ओली हातात येते. मधल्या पाच तासांत तिला ना ऊन मिळते ना वारा.

हा ओलावाच खरी अडचण आहे. जर्मनीतील फुर्टवांगेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये घराघरांतून वापरलेले 14 स्पंज गोळा करून तपासले. काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींपर्यंत जिवाणू आढळले. त्यातले सगळे घातक नसतात, हेही सांगितले पाहिजे. पण जे लोक स्पंज नियमित गरम पाण्याने किंवा मायक्रोवेव्हमध्ये स्वच्छ करत होते, त्यांचेही स्पंज फारसे बरे निघाले नाहीत. शास्त्रज्ञांचा सल्ला साधा होता : आठवड्याला स्पंज बदला. पुढे नॉर्वेतील नोफिमा या संस्थेच्या अभ्यासातही दिसले की, वापरांच्या मधे कोरड्या होणाऱ्या ब्रशवर आजाराचे जंतू मरतात, ओल्या राहणाऱ्या स्पंजमध्ये मात्र टिकून राहतात.

आठवड्याला एक बदलायचा, तर टाकलेला जातो कुठे? पिवळा स्पंज पॉलियुरेथेनचा, त्यावरची हिरवी जाळी बहुधा नायलॉनची. दोन्ही प्लास्टिकच. घासताना त्याचे बारीक कण झिजून सांडपाण्यात जातात आणि नाल्यांतून नदीकडे वाहतात. आपल्याकडे ती वाट वैनगंगेला जाऊन मिळते. जिल्ह्याची ओळख तलाव आणि धान यांची. त्याच पाण्यात हे कण मिसळू द्यायचे का, हा प्रश्न रोजा धरणाऱ्याचा आणि न धरणाऱ्याचा सारखाच आहे. इस्लाममध्ये इसराफ, म्हणजे गरज नसताना केलेली उधळण, नापसंत आहे. ती फक्त ताटातल्या अन्नाची असते असे नाही.

उपाय मात्र आपल्या कुंपणावरच आहे. घोसाळे, ज्याला कोणी गिलके म्हणते, कोवळे असताना भाजीचे. वेलावर राहून जून झाले की खायच्या कामाचे राहत नाही. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. तेव्हा पावसाळी वेल वाळलेला असतो आणि कवेलूंच्या छपरावर, भिंतीवर तपकिरी झालेली फळे लोंबत असतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या वेलावरची अशी चार फळे मी मागितली, तर त्या हसून म्हणाल्या, “घेऊन जा भाभी, आम्ही तर चुलीत टाकतो.”

फळ हातात घेऊन हलवले आणि आत बिया खुळखुळल्या, तर ते तयार झाले समजा. दोन-चार तास पाण्यात भिजवले की साल सहज सुटते. बिया झटकून काढायच्या, आतली जाळी धुऊन उन्हात कडक वाळवायची आणि कात्रीने तुकडे करायचे. कोरडी असताना ती टोचते, पाण्यात पडली की नरम होते. मधे पोकळ जागा असल्याने टांगून ठेवली तर लवकर वाळते. मी दोन तुकडे ठेवते : इफ्तारला एक, सहेरीला दुसरा. कच्चे मटण-चिकन ठेवलेल्या भांड्यांना तिसरा, तो कधीच ग्लासांना लावायचा नाही. तुकडा लिबलिबीत झाला किंवा वास मारू लागला की खताच्या खड्ड्यात.

राखेचेही सांगायला हवे. चुलीच्या लाकडी राखेत क्षार असतात. ते तेलकटपणाशी मिळून साबणासारखे काम करतात, म्हणून आजीची कढई राखेने निघायची. जर्मनच्या भांड्यांना मात्र ती काळवंडवते. राईस मिलमधली राख वेगळी. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असतो आणि ते जाळल्यावर उरलेल्या राखेत बहुतांश सिलिका असते. ती चांगली घासते, पण नॉनस्टिक तव्याचा थर आणि देगेची कल्हईही खरवडून काढते. तिची कोरडी धूळ छातीला बरी नाही. माझ्या मते ती घरात आणूच नये.

बाजारात ‘इको-फ्रेंडली’ लिहिलेले स्पंजही मिळतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोजचा स्पंज वाळल्यावर पाटीसारखा कडक होतो आणि पाण्यात फुगतो. तो ठीक. पण त्याला एका बाजूने हिरवी जाळी चिकटवली असेल तर निम्मा प्लास्टिकच. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा : नायलॉन वितळून गोळी होते, वनस्पतीचा धागा कागदासारखा जळून राख होतो. नारळाचा काथ्या या परीक्षेत पास होतो, पण तो काचेला आणि नॉनस्टिकला न लावलेलाच बरा.

घासणी कोणतीही असो, खरकटे आधी काढून पातेले गरम पाण्यात भिजत घातले की निम्मे काम होते. इफ्तारला बसण्यापूर्वी भज्यांच्या कढईतले तेल काढून ती कागदाने पुसून ठेवायला दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे घरातल्या पुरुषांनी द्यावीत. रात्री अकरानंतर भांडी घासून पहाटे तीनला सगळ्यांच्या आधी उठणारी बहुतेक घरांत एकच असते.

वेलाच्या बिया कागदात बांधून कोरड्या जागी ठेवा. मृगाच्या पावसात कुंपणाकडेला दोन-तीन टोचल्या तरी पुरे. फळे भाजीसाठी तोडताना चार-पाच मुद्दाम वेलावरच राहू द्या.